दोन औषधांची ट्रायल सुचवली असेल तर: सही करण्याआधी माहितीपत्रक कसे वाचावे

स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेला असतो, आधीच्या एक-दोन उपचारांचा गुण ओसरू लागतो, आणि अशा वेळी काही रुग्णांना डॉक्टर ट्रायलबद्दल विचारतात. आधीपासून वापरात असलेले एक औषध आणि त्याच्या जोडीला अजून परवानगी न मिळालेले एक नवे औषध, अशी ती जोडी असते, आणि चाचणी पहिल्या किंवा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातली असते. वीस-पंचवीस पानांचे माहितीपत्रक हातात पडते, ‘घरी नेऊन वाचा, मग सांगा’ असे सांगितले जाते, आणि घरी ते पत्रक बहुधा शेवटच्या पानावरच उघडले जाते, कारण सहीची जागा तिथे असते. रुग्णाशेजारी बसून ही पत्रके वाचून दाखवणे हे माझे रोजचे काम आहे. ती कोणत्या क्रमाने वाचावीत, कुठे थांबावे आणि काय विचारावे, ते इथे लिहीत आहे. ट्रायलमध्ये जावे की जाऊ नये, हे मी सांगणार नाही. तो निर्णय रुग्णाचा आणि तिच्या डॉक्टरांचा आहे. मात्र ती ट्रायल कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधते आहे, हे कळल्याशिवाय सही करू नये, एवढा माझा आग्रह आहे.

स्टेज वेगळी, फेज वेगळी

मराठीत दोन्हींना आपण ‘टप्पा’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. चौथी स्टेज म्हणजे आजार मूळ जागा सोडून दूर पसरला आहे. पहिली फेज म्हणजे त्या औषधाबद्दलची माहिती अजून प्राथमिक आहे. ‘आईचा आजार चौथ्या टप्प्यात आहे, मग तिला पहिल्या टप्प्याचे औषध का देता?’ असे एका मुलाने मला तावातावाने विचारले होते. त्याला वाटले होते की आईला कमी ताकदीचे औषध दिले जात आहे. त्या एका शब्दाची फोड करून सांगितल्यावर तो शांत झाला आणि मग आम्ही पत्रक पहिल्यापासून वाचले.

पहिल्या फेजचा मुख्य प्रश्न असा असतो की हे औषध माणसाला किती मात्रेत आणि किती दिवसांच्या अंतराने देता येईल. दुसऱ्या फेजमध्ये गाठीवर परिणाम होतो का, हे पाहिले जाते. तिसऱ्या फेजमध्ये शेकडो रुग्णांत नव्या उपचाराची तुलना चालू उपचाराशी केली जाते. पत्रकाच्या पहिल्या पानावर ‘१ब’ असे लिहिलेले असेल तर बहुधा नवे औषध एकट्याने देऊन झालेले असते आणि आता ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले तर सोसवते का, हे पाहायचे असते. ‘१ब/२’ असेल तर मात्रा ठरल्यावर त्याच ट्रायलमध्ये पुढे परिणामही मोजला जाणार असतो. म्हणून पहिल्या पानावरची ही दोन अक्षरे आधी शोधावीत, कारण पुढच्या सगळ्या पानांचा अर्थ त्यांच्यावर अवलंबून असतो.

मात्रेच्या शिडीवर आपण कितव्या पायरीवर आहोत

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच वाचायचा राहून जातो. मात्रा ठरवण्याची जुनी आणि अजूनही प्रचलित रीत तिघा-तिघांच्या गटांची आहे. पहिल्या तीन रुग्णांना कमी मात्रा देतात आणि ठरलेला काळ, साधारणपणे २१ किंवा २८ दिवसांचे पहिले आवर्तन, बारकाईने पाहतात. तिघांपैकी कोणालाही आधी लिहून ठेवलेला गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरची मात्रा मिळते. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघांना घेतात. दोघांना किंवा अधिक जणांना झाला तर ती मात्रा सोसण्यापलीकडची ठरते आणि एक पायरी खाली उतरतात. सहापैकी एकापेक्षा अधिक रुग्णांना असा त्रास होत नाही, अशी सर्वांत वरची मात्रा ही सोसवणारी कमाल मात्रा मानतात. हल्ली गणिती पद्धतीने पायऱ्या ठरवणाऱ्या ट्रायलही बऱ्याच आहेत. शिवाय सोसेल तेवढी जास्त मात्रा हीच योग्य मात्रा, हे जुने गृहीतक आता मोडीत निघत आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ नावाचा उपक्रम त्यासाठीच सुरू केला, कारण कर्करोगाची कित्येक नवी औषधे गरजेपेक्षा जास्त मात्रेत बाजारात आली होती आणि रुग्णांना ती महिनोन्महिने सोसावी लागत होती.

रुग्णासाठी याचा अर्थ काय? तुम्ही पहिल्या तिघींत असाल तर मात्रा कमी असेल, त्रास कमी होण्याची शक्यता असेल आणि गुण येण्याची शक्यताही कमी असेल. वरच्या पायरीवर असाल तर दोन्ही बाजू बदलतात. ट्रायलच्या विस्तार गटात असाल तर मात्रा ठरलेली असते आणि तुमच्या आधी ती घेतलेल्या रुग्णांची माहिती डॉक्टरांकडे असते. म्हणून विचारावे: ‘मी कितव्या मात्रेवर असेन? माझ्या आधी या जोडीवर किती जणांना घेतले आणि त्यांना काय झाले? पुढे मात्रा वाढली तर ती मलाही वाढवून मिळेल का?’ या प्रश्नांची उत्तरे छापील पत्रकात नसतात, कारण पत्रक छापले तेव्हा ती कोणालाच ठाऊक नसतात. मुख्य संशोधक डॉक्टरांकडे ती असतात आणि विचारल्यावर त्यांनी ती द्यावीत, ही अपेक्षा रास्त आहे.

जोडी का आणि जोडीत काय बिघडू शकते

दोन औषधे एकत्र देण्यामागे दोन हेतू असतात. कर्करोगाची पेशी एक वाट बंद झाली की दुसरी शोधते, म्हणून दोन्ही वाटा एकाच वेळी अडवाव्यात, हा पहिला. एका औषधामुळे दुसऱ्याचा परिणाम वाढावा, हा दुसरा. पण दोन औषधांचे त्रासही एकमेकांवर चढू शकतात. स्तनाच्या कर्करोगात याचा धडा ट्रास्टुझुमॅबने दिला. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या आजारात या औषधाने मोठा फरक पडला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. परंतु ज्या ४६९ स्त्रियांच्या चाचणीवर ही परवानगी आधारलेली होती, तिच्यात अँथ्रासायक्लिन गटातले औषध आणि सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधांबरोबर ट्रास्टुझुमॅब घेतलेल्या २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाच्या कार्यात बिघाड दिसला. ट्रास्टुझुमॅबशिवाय तीच केमो घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोबरोबर ते १३ टक्के आणि नुसत्या पॅक्लिटॅक्सेलवर १ टक्का होते. तेव्हापासून हर-टूवरच्या औषधांबरोबर ठरावीक अंतराने टूडी एको केला जातो. पत्रकात ‘हृदयाची तपासणी दर अमुक आठवड्यांनी’ असे लिहिलेले दिसले तर ती औपचारिकता समजू नये.

आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून दुसरे उदाहरण साखरेचे देते. हॉर्मोन पॉझिटिव्ह (हॉर्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह असलेल्या पसरलेल्या आजारात सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत ‘पीआयके३सीए’ या जनुकात बदल सापडतो. हा बदल ज्या वाटेशी निगडित आहे, तिला अडवणारी औषधे इन्सुलिनच्या कामातही अडथळा आणतात, कारण शरीरातली इन्सुलिनची वाटही तीच आहे. अशांपैकी अल्पेलिसिब आणि हॉर्मोनची वाट अडवणारे फुल्व्हेस्ट्रंट या जोडीच्या मोठ्या चाचणीत तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे गंभीर श्रेणीपर्यंत साखर वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या वर गेले. त्यानंतर आलेले त्याच वाटेवरचे इनाव्होलिसिब, पेशींचे विभाजन रोखणारे पाल्बोसिक्लिब आणि फुल्व्हेस्ट्रंट या तिन्हींच्या एकत्र उपचाराला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यातही साखर वाढणे हा ठळक त्रास आहे. अशा ट्रायलमध्ये मधुमेह असलेल्यांना बऱ्याचदा घेत नाहीत, किंवा साखर काटेकोर आटोक्यात असेल तरच घेतात. आपली साखर सीमेवर असेल तर ती लपवून आत शिरण्याचा मोह होतो. मी असे होताना पाहिले आहे आणि त्यात हानी रुग्णाचीच होते, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते की जुने रिपोर्ट जसे आहेत तसे पुढे ठेवावेत.

तिसरी गोष्ट औषधांच्या आपसातल्या व्यवहाराची आहे. यकृतातली तीच विकरे (एन्झाइम) दोन्ही औषधे पचवत असतील तर एक औषध दुसऱ्याचे रक्तातले प्रमाण वाढवू शकते किंवा घटवू शकते. पाल्बोसिक्लिबवर असताना ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, ते याच कारणाने. आपल्याकडे याहून मोठा प्रश्न काढ्यांचा आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये, करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ट्रायलमध्ये यकृताचे आकडे वाढले की त्याचे खापर नव्या औषधावर फुटू शकते. तुमचे औषध थांबते आणि त्या एका आकड्यामुळे सगळ्या ट्रायलची पायरी चुकीची ठरू शकते. काढा, चूर्ण, भस्म, दुसऱ्या गावच्या वैद्यांनी दिलेली पुडी, जे काही चालू असेल ते पहिल्याच दिवशी सांगावे.

एका जोडीची वाटचाल

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी पाल्बोसिक्लिब आणि शरीरातले इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी लेट्रोझोल यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत हॉर्मोन पॉझिटिव्ह पेशींवर ही जोडी प्रभावी दिसली, तेव्हा पहिल्या फेजमध्ये फक्त १२ स्त्रियांना ती देण्यात आली. पाल्बोसिक्लिबची १२५ मिलिग्रॅम मात्रा तीन आठवडे आणि मग एक आठवडा सुट्टी, आणि लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज, असा क्रम ठरला. सुट्टीचा आठवडा का? कारण मुख्य त्रास पांढऱ्या पेशी घटण्याचा होता आणि त्या आठवड्यात त्यांना पुन्हा भरून यायला वेळ मिळतो. मग दुसऱ्या फेजमध्ये १६५ स्त्रिया होत्या. आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या जणींचा आजार ज्याच्या आत वाढतो तो) नुसत्या लेट्रोझोलवर १०.२ महिने होता, जोडीवर तो २०.२ महिने झाला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सशर्त परवानगी मिळाली. पुढे ६६६ स्त्रियांच्या तिसऱ्या फेजमध्ये तो काळ १४.५ वरून २४.८ महिन्यांवर गेला.

इथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे, पण पुढचे पानही वाचले पाहिजे. त्याच तिसऱ्या फेजमध्ये एकूण आयुष्य मोजले तेव्हा जोडीवर ५३.९ आणि नुसत्या लेट्रोझोलवर ५१.२ महिने असा निकाल आला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्याच गटातल्या रायबोसिक्लिबने मात्र लेट्रोझोलबरोबर ५१.४ वरून ६३.९ महिन्यांपर्यंतचा फरक दाखवला. म्हणून माहितीपत्रकात किंवा बातमीत ‘अमुक महिने’ असे वाचले की ते महिने आजार वाढेपर्यंतचे आहेत की जगण्याचे, हे आधी पाहावे. पहिले महिनेही मोलाचे असतात, कारण तेवढा काळ केमो लांबते. पण दोन्ही एक नव्हेत. भारतात २०२३ च्या जानेवारीत पाल्बोसिक्लिबचे पेटंट संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ कमी किमतीत मिळू लागल्या. आज कित्येक मराठी घरांत ही गोळी परवडते, आणि तिची सुरुवात त्या १२ जणींपासून झाली आहे.

गुण येण्याची शक्यता किती

डॉक्टरांना हा प्रश्न संकोच न करता विचारावा. एक आकडा संदर्भासाठी देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुरस्काराने १९९१ ते २००२ या काळात झालेल्या पहिल्या फेजच्या ४६० चाचण्यांचा, म्हणजे जवळजवळ बारा हजार रुग्णांचा, एकत्र अभ्यास झाला होता. त्यात सर्व प्रकारचे कर्करोग होते. गाठ ठरलेल्या मापाने लहान झालेल्यांचे प्रमाण एकंदर १०.६ टक्के होते आणि उपचारांच्या त्रासाने दगावलेल्यांचे ०.४९ टक्के. केवळ एकच नवे रसायन देणाऱ्या पारंपरिक चाचण्यांत गुणाचे प्रमाण ४.४ टक्के, तर आधी परवानगी मिळालेले किमान एक औषध असलेल्या चाचण्यांत ते १७.८ टक्के होते. हे आकडे जुने आहेत. जनुकातला नेमका बदल पाहून दिल्या जाणाऱ्या आजच्या औषधांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही पहिल्या फेजमध्ये जाणाऱ्या बहुतेकांची गाठ लहान होत नाही, हे त्यांतून कळते आणि ते माहीत असूनच पुढे जावे. ‘गुण’ हा शब्दही इथे मापाचा आहे: स्कॅनवर निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के किंवा अधिक घटली तर अंशतः गुण, २० टक्के वाढली किंवा नवी गाठ दिसली तर आजार वाढला, आणि मधले सारे स्थिर.

याला जोडूनच विचारायचा प्रश्न: ‘ट्रायल सोडून आज माझ्यासाठी दुसरा कोणता उपचार शिल्लक आहे, आणि ट्रायलनंतर तो घेता येईल का?’ बऱ्याच ट्रायलमध्ये जुने औषध बंद करून तीन-चार आठवडे थांबावे लागते. आजार वेगाने वाढत असेल तर ही रिकामी मुदत परवडेल का, याचा हिशेब आधी करावा. नव्याने बायोप्सी सक्तीची आहे का आणि किती वेळा, हेही विचारावे, कारण यकृतातून तुकडा घेणे आणि बाहेरून दिसणाऱ्या गाठीतून घेणे यांत फार अंतर आहे.

कायदा काय देतो

भारतात या चाचण्या ‘नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ यांखाली चालतात. प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि तो क्रमांक पत्रकावर असतो. घरातल्या कोणीतरी मोबाइलवर तो क्रमांक टाकून नोंद उघडून पाहावी. ती सर्वांना खुली असते आणि ट्रायल कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, तेही तिथे दिसते. ट्रायलला मंजुरी देणारी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी संस्थेची नैतिकता समिती किमान सात जणांची असते. तिच्यात एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ आणि एक स्त्री असावीच लागते, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. समितीच्या संपर्काचा तपशील पत्रकावर शोधावा. संशोधक डॉक्टरांबद्दलच तक्रार असेल तर ती तिथे करायची असते.

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. इजा ट्रायलमुळेच झाली असे ठरले तर भरपाईही मिळते आणि सरकारी आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव लिहायचे रकाने असतात. नॉमिनीच्या रकान्यापाशी आलो की खोलीत हमखास शांतता पसरते. एकदा एका बाईंनी पेन खाली ठेवले आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. हा रकाना अशुभ म्हणून नाही, तर भरपाईचा हक्क वाऱ्यावर राहू नये म्हणून आहे, हे मी तेव्हापासून आधीच सांगते. सही झाल्यावर माहितीपत्रकाची आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. ती देणे नियमानेच बंधनकारक आहे. पत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. मराठी प्रत मागावी, आणि तिच्यातली मराठी कळत नसेल तर पुन्हा समजावून मागावे. संमती कोणत्याही दिवशी, कारण न देता मागे घेता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

खर्चाचे एक कलम मात्र बारकाईने वाचावे. नवे औषध मोफत असते, पण जोडीतले जुने औषध कोण देणार? ट्रायलपुरते केलेले स्कॅन कोणाच्या खर्चाने? अकोल्याहून किंवा सावंतवाडीहून मुंबईला दर आठवड्याला यायचे तर प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे मिळतात का, आणि ते सोबतच्या माणसालाही मिळतात का? ही उत्तरे तोंडी घेऊ नयेत, कागदावर पाहावीत.

सुरू झाल्यावर

पहिल्या आवर्तनात एक-दोन दिवस पूर्ण रुग्णालयात जातात. सकाळी गोळीआधी रक्त घेतात, मग अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन, चार, सहा, आठ तासांनी पुन्हा. हाताला सुई लावून ठेवलेली असते, त्यामुळे दर वेळी टोचत नाहीत. काही गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात, तेव्हा डबा कधी उघडायचा हे आधी विचारून ठेवावे. या नमुन्यांची वेळ मिनिटांत लिहिली जाते, कारण दोन औषधे रक्तात एकमेकांना कशी वागवतात ते यावरूनच कळते.

गोळ्यांची वही त्या त्या दिवशीच भरावी. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने, एकाच हाताने भरलेल्या अठ्ठावीस ओळी लगेच ओळखू येतात, आणि चुकलेली गोळी ‘घेतली’ अशी लिहिली गेली की पुढच्या तिघींना मिळणारी मात्रा चुकीच्या माहितीवर ठरते. गोळी राहिली तर ‘राहिली’ असे लिहावे. त्यासाठी कोणी रागावत नाही. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटे परत न्यावीत.

ताप १०० च्या वर गेला, नवा कोरडा खोकला किंवा दम लागू लागला, जुलाब थांबेनात, खूप तहान लागून सारखी लघवी होऊ लागली, तर उद्याच्या ओपीडीची वाट पाहू नये, लगेच फोन करावा. खोकल्याकडे हवापालट म्हणून दुर्लक्ष करू नये. ट्रास्टुझुमॅबला केमोचे औषध जोडून बनवलेल्या ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनच्या १८४ रुग्णांच्या एका चाचणीत फुप्फुसाच्या दाहाने चौघींचा मृत्यू झाला होता, आणि लवकर ओळखला तर हा दाह औषध थांबवून, स्टेरॉइड देऊन आटोक्यात आणता येतो. गावाकडच्या दवाखान्यात भरती व्हावे लागले तर तेही त्याच दिवशी ट्रायलच्या माणसांना कळवावे, कारण गंभीर घटना कळल्यापासून चोवीस तासांत त्यांना ती वर कळवावी लागते. रुग्णालयाकडून एक छोटे कार्ड मिळते, त्यावर ट्रायलचे नाव, दोन्ही औषधांची नावे आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर असतो. ते कार्ड फाईलमध्ये ठेवू नये. फाईल घरी राहते. कार्ड पर्समध्ये असावे, आणि त्याचा फोटो घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.